छोट्या गिअरची चिंधी

गाडी कण्हते, हे पहिल्यांदा दूधवाला बोलला. तोंड आवरायची सवय त्याला नव्हतीच. वरच्या वस्तीवरून भरलेले कॅन घेऊन खाली येताना वळणावर त्याने पाय वर घेतले आणि बाकड्यावर मांडी ठोकून बसला. "खाली कोणीतरी आहे," म्हणाला. सगळे हसले. पुढच्या खेपेला सगळ्यांनीच पाय वर घेतले.

गाडी चालवत होती ती मालकाच्या घरची सून. तिने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला. आवाज तिला वर्षभर ऐकू येत होता. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. झोपेत अंग दुखल्यावर माणूस जसा तोंड न उघडता हुंकारतो, तसा. चढावर इंजिनाच्या गडबडीत तो दबून जायचा. वळण आलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा लागतो. पाय काढला की सीटखालून यायचा. आणि ते वळण तेच होतं. तिथे तिचा नवरा स्वतःच्याच गाडीखाली सापडला होता.

लोकांनी दोन आणि दोन चार केले. त्यांना तरी काय दोष द्यायचा?

गाडी तशी म्हातारी. पत्र्याचा मूळ रंग कुठला यावर घरात वाद होता. पण वरच्या वस्तीचा रस्ता म्हणजे नुसता मुरूम आणि चिकणमाती. पाऊसपाणी सुरू झालं की तिथे चारही चाकांची ताकद असलेलं हेच एक धूड चढायचं. पीठ, गॅसच्या टाक्या, आजारी माणसं, नवी नवरी, सगळं हिच्यातूनच. चाळीस गावांना पुरेल एवढी अक्कल सासऱ्यांनी या एका गाडीत घातली होती. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. आता गुडघे गेले होते आणि डावा कानही, पण खोड मोडलेली नव्हती. शिसवीची हातभर काठी होती त्यांची. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं आणि दुसरं दातांत धरायचं. मग डोळे मिटून सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून पाहिलं की तिसऱ्या सिलिंडरचाच व्हॉल्व्ह निघायचा. त्यांचं निदान चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

म्हणून तर सुनेला कोडं पडलं होतं.

"बाबा, लोक बसेनात आता," ती त्या दिवशी संध्याकाळी म्हणाली. "आज खाली येताना नर्सबाई वळणाच्या आधी उतरल्या आणि चालत आल्या. एवढ्या धुक्यात."

मिस्त्री शेडच्या दारात पिंपावर बसून जुने बोल्ट घासत होते. "चालू दे. तब्येतीला चांगलं."

"तुम्ही एकदा काठी लावून बघा ना."

"बघितलंय. इंजिनाचं फाउंडेशन आहे. रबर गेलेत."

"रबर बदलले."

"मग सायलेन्सर घासत असेल."

"सायलेन्सर तर तुम्हीच बांधून दिलात."

त्यांनी बोल्ट उजेडाकडे धरला, फुंकर मारली, पुन्हा घासायला घेतला. "म्हातारी झालीय गाडी. मी पण कण्हतो. मला उघडून बघणार आहेस का? भंगारवाला येतो म्हणालाय. देऊन टाकू."

देऊन टाकू, हे म्हणायला सोपं होतं. गाडी गेली तर सुनेला या घरात काम उरत नव्हतं. मग भावाकडे जायचं. भाऊ वाईट नव्हता, पण भावजयीच्या स्वयंपाकघरात उरलेलं आयुष्य दुसरीच्या डब्यांची झाकणं शोधत काढायचं, हे तिला नको होतं. स्टिअरिंगवर तिचं मन लागत होतं. नवऱ्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतर, रिकाम्या खेपांना. आणि त्याच्याबद्दल लोक जे बोलायचे ते दुसऱ्याच्या घरात बसून ऐकणं तिला जमलं नसतं. लोक म्हणायचे, एवढ्या मिस्त्रीचा मुलगा, आणि फोर टाकायला विसरला.

तो विसरण्यातला नव्हता. तसं तर प्रत्येक बायकोला वाटतं.

या गाडीचा हँडब्रेक चाकांना नाही, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याला, मागच्या शाफ्टला आहे. चढावर मागचं एक चाक जॅकवर उचललं की दुसरं मोकळं सुटतं आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून चाक बदलायच्या आधी मोठ्या गिअरशेजारचा छोटा गिअर फोरमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडणाऱ्या खाचेत, टाकायचा. मग पुढची चाकं गाडी धरून ठेवतात. आधी हँडब्रेक, मग फोर, मग चाकामागे दगड. या घरात शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. त्या दिवशी वळणावर मागचं चाक पंक्चर झालं, त्याने जॅक लावला, चाक उचललं आणि गाडी मागे आली. दगड मुरमावरून घसरत गेला. मिस्त्री सगळ्यात आधी पोचले. छोटा गिअर टूमध्ये, नुसत्या मागच्या चाकांवर होता, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खेप नव्हती. धुकं अंगणात येऊन बसलं होतं. सून ओढणी कमरेला खोचून कामाला लागली.

तिने आधी गाडी उभीच ठेवून इंजिन चालू केलं. रेस वाढवली, कमी केली. इंजिन खोकलं, धुरकटलं, पण कण्हलं नाही. क्लच दाबून पाहिला, सोडून पाहिला. काही नाही. म्हणजे आवाज इंजिनात नव्हता.

मिस्त्री शेडच्या दारातून बघत होते. "रेडिएटरचा पंखा बघ," ते म्हणाले.

"पंखा इंजिनाबरोबर फिरतो बाबा. इंजिन फिरतंय आणि आवाज नाही."

तिला वाटलं त्यांना राग आला. पण त्यांनी मान खाली घातली होती.

मग तिने गाडी वळणाच्या वर नेली. एकटीच जाणार होती. सासूबाई मात्र उंबऱ्यातून उठून आल्या आणि काही न विचारता पुढच्या सीटवर चढून बसल्या. हल्ली त्या येत. आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या, मला वळणापर्यंत ने. कशाला, ते दोघींनाही माहीत होतं.

वर पोचल्यावर सुनेने गाडी उताराला लावली, इंजिन बंद केलं आणि न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडला.

गाडी आपोआप निघाली. इंजिन बंद, त्यामुळे टायरखाली चिरडणारा मुरूम तेवढा ऐकू येत होता. धुक्यात बोनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. हळूहळू वेग आला, वळणाचा पांढरा दगड बाजूने सरकला आणि सीटखालून तो सुरू झाला. ऊंऽऽ. ऊंऽऽ. इंजिनाचा आडोसा नसल्यामुळे आज तो उघडाच होता. तिच्या तळपायांना त्याची थरथर लागत होती. तिला कारण शोधायचं होतं, हे ती क्षणभर विसरून गेली. मागे वळून बघावंसं वाटलं आणि बघवेना.

सासूबाईंनी वाकून फ्लोअरच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आहे," त्या म्हणाल्या. "बोलतोय."

सुनेने ब्रेक लावला. गाडी थांबली, तसा आवाजही थांबला. घरी येईपर्यंत सुनेच्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली होती. इंजिन बंद असताना जो आवाज चाकांबरोबर येतो आणि चाकांबरोबर जातो, तो गिअरबॉक्सच्या अलीकडचा नाही. पलीकडचा, चाकांच्या बाजूचा आहे. आणि जी गोष्ट काठी न लावता तिला कळली, ती मिस्त्रींना वर्षभर कळली नव्हती म्हणे.

दुपारी ती गाडीखाली शिरली. आधी मागची बाजू. मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचं ऑइल बोटावर घेऊन चोळलं. काळं होतं, पण कचकच नव्हती, कुठे लोखंडाचा चुरा नव्हता. मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. थोडा ढिला, वयाच्या मानाने ठीक. चाकांचे बेअरिंग हलवून पाहिले. पाठीखालचा चिखल गार होत गेला आणि कोपराला खरचटलं. मग ती सरपटत पुढे गेली.

"तिकडे काही नाही," वरून मिस्त्रींचा आवाज आला. ते कधी आले तिला कळलं नव्हतं. तिला त्यांचे फक्त पाय दिसत होते. चपलेतला अंगठा वरखाली होत होता.

"बघते तर खरं."

"पुढचा शाफ्ट ठीक आहे. मी सांगतो ना. बाहेर ये, थंडी लागेल."

ती बाहेर आली नाही. सासऱ्यांचं न ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी.

पुढचा शाफ्ट गिअरबॉक्सकडून पुढच्या डिफरन्शियलकडे जातो. पुढची चाकं फिरली की तोही फिरतोच, फोर असो वा नसो. दोन टोकांना क्रॉसचे दोन सांधे, मध्ये एकात एक सरकणारा सांधा. तो सांधा जसा जोडायचा तसाच जोडावा लागतो, दोन्ही टोकं एका रेषेत. दात सोडून भलत्याच जागी बसवला तर शाफ्ट फिरताना स्वतःशीच भांडतो आणि थरथरतो. म्हणून मिस्त्री प्रत्येक सांध्यावर पंचाने दोन टिंबं मारून ठेवत, समोरासमोर. त्यांच्या हातची टिंबं तिला अक्षरासारखी ओळखू यायची.

तिने चिंधीने ग्रीस पुसलं. एक टिंब सापडलं. त्याच्या समोर टिंब नव्हतं. सांध्याभोवती बोट फिरवत गेली, फिरवत गेली. दुसरं टिंब पार बाजूला निघालं. आणि बोल्ट उलटे होते. डोकी जिकडे असायला हवीत तिकडे नट. एक तर हाताने फिरेल इतका सैल होता.

हे मिस्त्रींचं काम नव्हतं. मिस्त्री झोपेतही असं काम करणार नाहीत. पण दुसऱ्या कोणाचा हात या गाडीला लागत नव्हता.

ती तशीच पडून राहिली. छातीवर गाडीचं पोट होतं. आणि तिला त्या दिवशीची टकटक आठवली.

घर माणसांनी भरलं होतं. तिला बायकांनी धरून ठेवलं होतं. आणि शेडमधून हातोड्याचा आवाज येत होता, टक टक, टक टक. कोणीतरी म्हणालं होतं, म्हातारा गाडीवर राग काढतोय, काढू दे. कोणी तिकडे गेलं नाही. दुसऱ्याच दिवसापासून गाडी कण्हायला लागली.

सुक्या दिवसांत मिस्त्री पुढचा शाफ्ट काढून ठेवत. गाडी हलकी चालते, डिझेल वाचतं, टायर झिजत नाहीत. शेडच्या दारावरच्या खिळ्यांवर तो लटकायचा. आणि शाफ्ट काढला की छोट्या गिअरला एक चिंधी बांधायची, हा त्यांचा नियम. चिंधी दिसली की चालवणाऱ्याने समजायचं, फोर टाकून उपयोग नाही, पुढे काही नाहीच. मागच्या वर्षी शाफ्ट काढायचाच राहिला, असं ते म्हणाले होते. यंदा तर त्यांनी तो विषयच काढला नव्हता.

ती बाहेर आली. मिस्त्री पिंपावर बसले होते. तिच्या हातातली ग्रीसची चिंधी त्यांनी पाहिली आणि नजर हलवली नाही.

"बाबा, शाफ्ट काढलेला होता."

मिस्त्रींनी एक बोल्ट उचलून हातात धरला.

"त्या दिवशी सकाळी काढलात. आणि अपघातानंतर परत बसवलात. घर भरलेलं असताना."

"घाईत मधला सांधा निसटला," मिस्त्री म्हणाले. "दोन तुकडे हातात आले. टिंबं दिसेनात मला. डोळ्यांना दिसतच नव्हतं काही."

"चिंधी?"

"चिंधी मळली होती. ग्रीसमध्ये ग्रीसचीच चिंधी काय दिसणार, म्हणून दुसरी आणायला घरात आलो. तू ताट वाढलंस. म्हणालीस, गार होतंय, आधी जेवून घ्या." त्यांनी हातातला बोल्ट खाली ठेवला. "तोंडात घास होता तेव्हा गाडी सुरू झालेली ऐकली मी. वाटलं, जवळच निघालाय, सपाट रस्ता आहे, फोर कशाला लागतेय. घास गिळला आणि दुसरा घेतला."

सुनेला ते ताट आठवलं. तिने खरंच तसं म्हटलं होतं. रोजच म्हणायची. त्यात काही वावगं नव्हतं आणि तरी ती मडगार्डला टेकली.

"वर्षभर तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आवाज कशाचा आहे ते."

"पहिल्याच दिवशी."

"मग नीट का नाही केलात?"

"करू कसा? टिंबाला टिंब लावलं की झालं, घटकाभराचं काम. मग काय, गाडी गप्प. लोक विसरणार, ही विसरणार, मी विसरणार." त्यांनी घराकडे मान वळवली. उंबऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "आणि ती म्हणायला लागली, तो बोलतोय. आता ते तिच्याकडून काढून घेऊ?"

सुनेला त्यांची दया आली आणि त्यांचा संतापही आला. दोन्ही एकदम, आणि कोणतं मोठं ते ठरेना.

"पण बाबा, गिअर तर टूमध्येच होता ना? त्याने फोर टाकलीच नव्हती, मग शाफ्ट असता तरी काय..."

मिस्त्री उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक सांधा मोजत. "अंधारून आलं," म्हणाले आणि आत गेले.

सकाळी तिने शाफ्ट उतरवला, सांधा सोडवला, धुतला आणि टिंबाला टिंब लावून पुन्हा जोडला. बोल्ट सरळ बाजूने घातले. खरंच घटकाभराचं काम होतं. मिस्त्रींनी पाना देण्यापुरता हात पुढे केला.

"आज मी येतो वर," ते म्हणाले. वर्षात ते गाडीत बसले नव्हते.

"मी पण," सासूबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

दूधवाला रिकाम्या कॅनांसह रस्त्यावर उभा होता. नर्सबाई होत्या. आणखी दोघं-तिघं, धुक्यात चालणं परवडत नाही म्हणून आलेले. मिस्त्रींना पुढे बसलेलं बघून दूधवाल्याने भुवया उडवल्या. "आज खुद्द मिस्त्री. म्हणजे खालच्या पाहुण्याची सोय लावली वाटतं." नर्सबाईंनी त्याला कोपर मारलं. तो बसला, पण पाय वरच घेऊन.

पुढच्या सीटवर मध्ये सासूबाई, कडेला मिस्त्री. गाडी चढायला लागली. ओल्या मातीत मागचं चाक एकदा फिरलं, सुनेने छोटा गिअर फोरमध्ये टाकला आणि पुढच्या चाकांनी जमीन पकडली. बऱ्याच दिवसांनी गाडी अशी एका दमात चढत होती. एरवी तिला आनंद झाला असता.

वळणाचा पांढरा दगड दिसला. तिने पाय काढला.

काही नाही. मुरूम चिरडल्याचा आवाज, कॅनवर कॅन आपटल्याचा. मागे कोणीतरी श्वास रोखला होता तो सोडला. दूधवाल्याने हळूच एक पाय खाली ठेवला, मग दुसरा.

सासूबाईंनी वाकून पत्र्यावर तळहात ठेवला. तसाच ठेवून राहिल्या. मग दुसरा हातही ठेवला.

"आज गप्प आहे," त्या म्हणाल्या. आधी कोणालाच उद्देशून नाही, मग सुनेकडे बघून. "का गं, आज का गप्प आहे तो? माझ्यावर रागावला का?"

"थांबव," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, चढ आहे."

"थांबव गाडी. बंद कर."

तिने ब्रेक दाबून थांबवली. इंजिन बंद झालं आणि धुकं एकदम जवळ आलं. मिस्त्री समोरच्या काचेकडेच बघत होते. बोलले ते मात्र मागच्यांनाही ऐकू जाईल असं, खणखणीत, कामाच्या वेळी बोलायचे तसं.

"तो बोलत नव्हता. शाफ्ट चुकीचा बसला होता, मी बसवला होता. त्या दिवशी सकाळी तो मीच काढला आणि चिंधी बांधली नाही. मी इथे आलो तेव्हा छोटा गिअर फोरमध्ये होता. माझ्या पोराने हँडब्रेक ओढला होता, फोर टाकली होती, दगड लावला होता. सगळं केलं होतं त्याने. गिअर मी टूमध्ये आणला. या हाताने."

सासूबाईंचे दोन्ही तळहात अजून पत्र्यावरच होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा तो आला. ऊंऽऽ. ऊंऽऽ. तसाच, तोंड मिटलेला, खोल. दूधवाल्याने दचकून पाय वर घेतले. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, खाली काहीच फिरत नव्हतं. सुनेने वळून पाहिलं. मिस्त्रींचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि छाती हलत होती.

सासूबाईंनी पत्र्यावरचा एक हात उचलला. तो हवेत थांबला, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा.

सुनेने हँडब्रेक ओढला. छोटा गिअर फोरमध्ये आहे ना, हे हात लावून पाहिलं. मग ती खाली उतरली आणि रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून तिने मागच्या चाकाला लावला.